रूझवेल्ट यांची उमेदवारी : धोरण कीं धरसोड?

लोकशाहींत मत मागणाऱ्या माणसावर जे आरोप होतात, त्यांत सर्वांत जुना व सर्वांत सोपा आरोप म्हणजे "हा काल एक बोलत होता, आज दुसरेंच बोलतो" हा होय. सोपा अशासाठीं कीं, तो सिद्ध करण्यास फारसे श्रम पडत नाहींत. जुन्या भाषणाचें एक कात्रण व नव्या भाषणाचें एक कात्रण शेजारीं शेजारीं ठेवलें कीं काम भागतें. परंतु त्या दोन कात्रणांच्या मध्यें काय घडलें, तें बदललेलें मत कोणी व काय किंमत देऊन विकत घेतलें, आणि पुढें त्याचा हिशेब कसा चुकता झाला, हें कात्रणें सांगत नाहींत. तें इतिहासाकडे जाऊन विचारावें लागतें. या दृष्टीनें पाहतां अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील १९३२ सालची एक उमेदवारी फार बोधप्रद आहे. तो उमेदवार म्हणजे फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट. पुढें चार वेळां अध्यक्षपदीं निवडून आलेला हा पुरुष त्या वर्षाच्या आरंभीं मात्र पुष्कळ विचारवंतांच्या दृष्टीनें एक गोडबोल्या, ठाम मत नसलेला व वारा येईल तशी पाठ देणारा राजकारणी होता.

अमेरिकेंत अध्यक्षपदाची खरी लढत नोव्हेंबरांत होत असली, तरी तिच्या आधीं प्रत्येक पक्षास आपला एक उमेदवार ठरवावा लागतो. त्यासाठीं उन्हाळ्यांत पक्षाचें राष्ट्रीय अधिवेशन भरतें व निरनिराळ्या संस्थानांतून आलेले प्रतिनिधि तेथें मतदान करतात. आज बहुतेक प्रतिनिधि प्राथमिक निवडणुकांतून, म्हणजे मतदारांच्या प्रत्यक्ष कौलानें ठरतात. १९३२ सालीं अशा निवडणुका थोड्याच संस्थानांत होत. इतरत्र स्थानिक पुढारी आणि पक्षाच्या परिषदाच प्रतिनिधि नेमीत. त्यांतून डेमॉक्रॅटिक पक्षाचा एक जुना नियम असा होता कीं, नुसतें बहुमत मिळून भागत नसे. प्रतिनिधींपैकीं दोनतृतीयांश मतें मिळाल्याखेरीज उमेदवारी पदरांत पडत नसे. या नियमाचा परिणाम उघड आहे. ज्याला जिंकावयाचें, त्याला दक्षिणेंतील शेतकरी व उत्तरेंतील गिरणीकामगार, मद्यबंदीचे समर्थक व तिचे वैरी, युरोपाशीं सहकार्य मागणारे व युरोपाचें नांवहि नको म्हणणारे, या सर्वांस थोडेंथोडें खूष ठेवणें भाग पडे. एक तृतीयांश प्रतिनिधि रुसून बसले कीं सारा डाव उधळला जाई. ठाम बोलणाऱ्याला शिक्षा व मोघम बोलणाऱ्याला बक्षीस, अशीच जणूं या नियमाची रचना होती.

रूझवेल्ट हे त्या वेळीं न्यूयॉर्क संस्थानचे गव्हर्नर होते. १९२८ सालीं ते प्रथम त्या पदावर निवडून आले आणि १९३० सालीं सात लाखांहून अधिक मताधिक्यानें पुन्हां निवडले गेले. त्यांच्या पूर्वचरित्रांत एक गोष्ट अगदीं स्पष्ट होती. अध्यक्ष वुड्रो विल्सन यांच्या कारकीर्दींत ते नौदलखात्याचे दुय्यम मंत्री होते, व १९२० सालीं उपाध्यक्षपदाचे उमेदवार म्हणून त्यांनीं देशभर हिंडून, अमेरिकेनें राष्ट्रसंघांत सामील व्हावें असा प्रचार केला होता. विल्सन यांच्या स्वप्नाचे ते वारस समजले जात. ती निवडणूक डेमॉक्रॅटिक पक्ष सपशेल हरला. पुढल्याच वर्षीं पक्षाघाताच्या विकारानें रूझवेल्ट यांचे पाय कायमचे अधू झाले; परंतु राष्ट्रसंघावरील त्यांची निष्ठा त्यांच्या स्नेह्यांनीं गृहीतच धरली होती.

२३ जानेवारी १९३२ रोजीं रूझवेल्ट यांनीं आपली उमेदवारी जाहीर केली. त्यापूर्वींच, महिन्याच्या आरंभीं, वृत्तपत्रांचे धनाढ्य मालक विल्यम रॅन्डॉल्फ हर्स्ट यांनीं रेडिओवरून एक भाषण करून पक्षांतील सर्व 'आंतरराष्ट्रीयवाद्यां'वर तोफ डागली होती. रूझवेल्ट, न्यूयॉर्कचे माजी गव्हर्नर आल्फ्रेड स्मिथ, विल्सन यांचे युद्धमंत्री न्यूटन बेकर हे सारे त्यांच्या लेखीं एकाच माळेचे मणी होते. हर्स्ट यांनीं आपला कौल टेक्सासचे जॉन नान्स गार्नर यांस दिला. हर्स्ट यांचीं वृत्तपत्रें कोट्यवधि वाचकांच्या हातांत पडत, आणि कॅलिफोर्नियांत त्यांचें वजन मोठें होतें. महिन्याच्या अखेरीस राष्ट्रसंघाचे कट्टे पुरस्कर्ते बेकर यांनींहि, पक्षाच्या जाहीरनाम्यांत राष्ट्रसंघप्रवेशाचें कलम घालावें असें आपणांस वाटत नाहीं, असें सांगून माघार घेतली. रूझवेल्ट यांच्या बाजूनें त्यांचे मुख्य कारभारी जेम्स फार्ले यांनीं खासगी रीतीनें हर्स्ट यांची समजूत घालण्याचा प्रयत्न केला. हर्स्ट यांचा आग्रह असा कीं, कानांत सांगितलेलें चालणार नाहीं. जें सांगावयाचें तें चारचौघांत सांगा.

आणि रूझवेल्ट यांनीं तें चारचौघांत सांगितलें. २ फेब्रुवारी १९३२ रोजीं ऑल्बनी येथें शेतकऱ्यांच्या एका संस्थेपुढें बोलतांना त्यांनीं अशी मांडणी केली कीं, आजचा राष्ट्रसंघ हा विल्सन यांनीं कल्पिलेला राष्ट्रसंघ उरलेला नाहीं. तो युरोपांतील राष्ट्रांच्या आपसांतील भानगडी चर्चिण्याचें स्थान झाला आहे. सबब अमेरिकेनें त्यांत भाग घ्यावा या मताचे आपण नाहीं. या युक्तिवादांत तथ्य अगदींच नव्हतें असें नाहीं. जपाननें १९३१ च्या सप्टेंबरांत मांचुरियांत सैन्य घुसविलें असतांना राष्ट्रसंघ हतबल होऊन पाहत होता, हें साऱ्या जगाला दिसत होतें. परंतु ज्या आठवड्यांत व ज्या दडपणाखालीं हें भाषण झालें, तें पाहतां त्याचा उगम जिनीव्हांतील घटनांत नसून कॅलिफोर्नियांतील मतांत होता, हें कोणाच्याहि लक्षांत येण्यासारखें होतें. विल्सन यांचे जुने अनुयायी कमालीचे दुखावले गेले. रूझवेल्ट यांच्या पत्नी एलिनॉर यांनाहि हें भाषण रुचलें नाहीं.

अशा वर्तनाबद्दलची टीका या भाषणापूर्वींच सुरू झाली होती. ८ जानेवारीच्या आपल्या लेखांत वॉल्टर लिपमन या नामांकित पत्रपंडितानें रूझवेल्ट यांचें असें मूल्यमापन केलें होतें कीं, हा एक प्रसन्न वृत्तीचा गृहस्थ असून त्याच्या अंगीं त्या पदाची कोणतीहि विशेष लायकी नाहीं, फक्त अध्यक्ष व्हावें अशी इच्छा मात्र फार आहे. लिपमन यांच्या रागाचें कारण नुसतें राष्ट्रसंघाचें नव्हतें. न्यूयॉर्क शहरांत 'टॅमनी हॉल' या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या पक्षयंत्राचें साम्राज्य होतें आणि तेथील भ्रष्टाचाराची चौकशी सॅम्युएल सीबरी हे करीत होते. महापौर जिमी वॉकर यांच्यावर कारवाई करावी, तर न्यूयॉर्कचे प्रतिनिधि दुरावणार. न करावी, तर सारा सुशिक्षित वर्ग नांवें ठेवणार. रूझवेल्ट यांनीं महिनेच्या महिने दोन्ही डगरींवर हात ठेवले. उमेदवारी पदरांत पडल्यावरच त्यांनीं वॉकर यांची जातीनें सुनावणी घेतली, व १ सप्टेंबर १९३२ रोजीं वॉकर यांनीं राजीनामा दिला. मद्यबंदीच्या बाबतींतहि तोच प्रकार. १९२० पासून अमलांत असलेल्या या कायद्याविषयीं रूझवेल्ट कित्येक वर्षें जपून बोलत आले. १९३० च्या शरदृतूंत त्यांनीं तो रद्द करण्याचा पक्ष घेतला खरा, पण दक्षिणेंतील मद्यबंदीवाल्यांना दुखवूं नये म्हणून अधिवेशनापर्यंत त्यांनीं त्याचा फारसा उच्चार केला नाहीं. याउलट स्मिथ हे पहिल्यापासून उघडउघड मद्यबंदीविरोधी होते. त्याची व आपल्या कॅथलिक धर्माची किंमत त्यांनीं १९२८ च्या निवडणुकींत पराभवाच्या रूपानें मोजली होती.

राष्ट्रसंघ सोडून रूझवेल्ट यांस तात्काळ काय मिळालें? जवळजवळ कांहींच नाहीं. मार्च महिन्यांत न्यू हॅम्पशायर व नॉर्थ डाकोटा येथील प्राथमिक निवडणुका त्यांनीं जिंकल्या. परंतु २६ एप्रिल रोजीं मॅसॅच्युसेट्स येथें स्मिथ यांनीं त्यांचा सुमारें तिनास एक या प्रमाणांत पराभव केला, आणि ३ मे रोजीं कॅलिफोर्नियांत हर्स्ट यांच्या पाठिंब्यावर गार्नर पहिले आले, रूझवेल्ट दुसरे. ज्याच्यासाठीं तत्त्व सोडलें तो हर्स्ट आपल्या जागीं कायम होता. ताक तर मिळालें नाहींच, उलट भांडें मात्र सर्वांनीं पाहिलें, अशी ही स्थिति झाली.

याच वसंतऋतूंत मात्र रूझवेल्ट यांच्या भाषणांत एक निराळा सूर उमटूं लागला, आणि त्याकडे दुर्लक्ष केल्यास त्यांचें चित्र अर्धवट राहील. देशांत एक कोटीहून अधिक माणसें बेकार होतीं. हजारों पेढ्या बुडाल्या होत्या. ७ एप्रिलच्या रेडिओभाषणांत त्यांनीं आर्थिक उतरंडीच्या तळाशीं चिरडलेल्या विस्मृत माणसाची बाजू मांडली. स्मिथ त्यावर इतके संतापले कीं, जो कोणी गरिबांना श्रीमंतांविरुद्ध चिथावील त्याच्याशीं आपण बाह्या सरसावून लढूं, असें त्यांनीं जाहीर केलें. लगेच १८ एप्रिल रोजीं सेंट पॉल येथें रूझवेल्ट यांनीं सर्व वर्गांच्या हितसंबंधांच्या सुसंवादाची भाषा वापरली. टीकाकारांना ही आणखी एक कोलांटी वाटली. पुढें २२ मे रोजीं जॉर्जिया संस्थानांतील ऑगलथॉर्प विद्यापीठांत त्यांनीं जें सांगितलें, तें त्यांच्या साऱ्या राजकारणाची किल्ली ठरलें. देशाला धाडसी व अखंड प्रयोगांची गरज आहे. एक उपाय हातीं घ्यावा, तो फसला तर मोकळेपणानें तसें कबूल करावें व दुसरा घ्यावा, पण कांहीं तरी करून पाहावें, असा त्याचा सारांश होता. मत बदलणें हा ज्याच्यावरचा आरोप, त्यानें मत बदलण्याच्या कृतीलाच तत्त्वाचें रूप दिलें. मात्र 'मोकळेपणानें कबूल करावें' ही जी अट त्यांनीं स्वतःच घातली, ती त्यांनीं किती पाळली, हा प्रश्न पुढें उरतोच.

२७ जून १९३२ रोजीं शिकागो येथें अधिवेशन भरलें. एकंदर मतें ११५४. उमेदवारीसाठीं ७७० हवीं होतीं. रूझवेल्ट यांच्या पाठिराख्यांनीं आधीं दोनतृतीयांशांचा नियमच रद्द करण्याची हालचाल केली. पण दक्षिणेंतून ओरड होतांच त्यांनीं तेथूनहि माघार घेतली. १ जुलैच्या पहांटे मतदान सुरू झालें. पहिल्या फेरींत रूझवेल्ट यांस ६६६¼, स्मिथ यांस २०१¾ व गार्नर यांस ९०¼ मतें पडलीं. दुसऱ्या फेरींत रूझवेल्ट ६७७¾ वर गेले, तिसऱ्या फेरींत ६८२ च्या थोडे वर. सकाळीं नऊच्या सुमारास थकलेलें अधिवेशन उठलें, तेव्हां हवें असलेलें मताधिक्य अद्याप दूरच होतें व मिसिसिपीसारख्या संस्थानांतील प्रतिनिधि डळमळूं लागले होते. रूझवेल्ट यांची आघाडी फुटली असती, तर उमेदवारी बहुधा तडजोडीचा माणूस म्हणून न्यूटन बेकर यांच्याकडे गेली असती.

आणि येथें फेब्रुवारींत पेरलेलें बीं उगवलें. हर्स्ट यांना रूझवेल्ट प्रिय नव्हते. परंतु बेकर त्यांना त्याहून अप्रिय होते. बेकर यांनीं जाहीरनाम्यापुरती माघार घेतली, तरी त्यांची श्रद्धा राष्ट्रसंघावरच होती. रूझवेल्ट यांनीं मात्र स्वतःच्या तोंडानें राष्ट्रसंघ नाकारला होता. दोहोंपैकीं एक निवडण्याची पाळी येतांच हर्स्ट यांचा निरोप वॉशिंग्टनमध्यें असलेल्या गार्नर यांस गेला. १९२४ सालीं याच पक्षानें १०३ फेऱ्या घेऊन स्वतःचें हंसें करून घेतलें होतें. तसें पुन्हां होऊं नये, असें गार्नर यांनाहि वाटत होतें. त्यांनीं आपले प्रतिनिधि मोकळे केले. त्या रात्रीं चौथ्या फेरींत कॅलिफोर्नियाचीं ४४ मतें रूझवेल्ट यांस देत असल्याचें जाहीर करण्यास विल्यम मॅकडू उभे राहिले. १९२४ सालीं याच दोनतृतीयांशांच्या नियमामुळें व स्मिथ यांच्या विरोधामुळें ज्यांची उमेदवारी हुकली होती, ते हेच मॅकडू. रूझवेल्ट यांस ९४५ मतें मिळालीं. गार्नर उपाध्यक्षपदाचे उमेदवार झाले. दुसऱ्या दिवशीं रूढि मोडून रूझवेल्ट विमानानें शिकागोस आले, व त्यांनीं अमेरिकन जनतेस 'न्यू डील' म्हणजे नवा डाव देण्याचें वचन दिलें. मद्यबंदी रद्द करण्याचें कलम अधिवेशनानें मोठ्या बहुमतानें स्वीकारलें होतें. आतां तें बोलण्यांत धोका नसल्यामुळें रूझवेल्ट यांनीं तें ठणकावून सांगितलें.

पुढील प्रचारांतहि हीच रीत दिसली. जकातीसंबंधीं परस्परविरोधी असे दोन मसुदे त्यांच्यापुढें आले, तेव्हां त्यांनीं सल्लागार रेमंड मोले यांस, हे दोन्ही एकांत गुंफा, असें सांगितलें. मोले अवाक् झाले. अध्यक्ष हर्बर्ट हूव्हर यांनीं रूझवेल्ट यांची तुलना रंगीबेरंगी चौकड्यांच्या कापडावर बसलेल्या सरड्याशीं केली. १९ ऑक्टोबर रोजीं पिट्सबर्ग येथें रूझवेल्ट यांनीं हूव्हर यांच्या उधळपट्टीवर हल्ला चढवून सरकारी खर्च शेंकडा २५ नें कमी करण्याचें आश्वासन दिलें. ८ नोव्हेंबर रोजीं ४८ पैकीं ४२ संस्थानें त्यांच्या पदरांत पडलीं. मतदारमंडळांत ४७२ विरुद्ध ५९ असा विजय झाला. आरंभीं त्यांनीं नोकरांचे पगार व माजी सैनिकांचे लाभ कापले खरे. पण लवकरच बेकारांना काम देण्यासाठीं पैसा ओतावा लागला व अंदाजपत्रकाचा तोल कधींच सांवरला नाहीं. १९३६ सालीं पुन्हां पिट्सबर्गला जावयाचें होतें, तेव्हां जुन्या भाषणाचा खुलासा कसा करावा, असें त्यांनीं आपले सल्लागार सॅम्युएल रोझेनमन यांस विचारलें. रोझेनमन यांचें उत्तर प्रसिद्ध आहे : आपण १९३२ सालीं पिट्सबर्गला गेलोंच नव्हतों, असें सांगावें! विनोद उत्तम होता. पण ऑगलथॉर्पच्या व्यासपीठावर सांगितलेल्या मोकळ्या कबुलीची जागा त्या विनोदानें घेतली, हेंहि तितकेंच खरें.

मग या साऱ्यास धोरण म्हणावें कीं धरसोड? एकाच शब्दांत उत्तर देणें अन्यायाचें होईल, कारण हे बदल एकाच जातीचे नव्हते. अंदाजपत्रकाविषयींचा बदल हा अनुभवानें शिकलेल्या माणसाचा बदल होता; उपाशी माणसें दाराशीं उभीं असतांना जुन्या आश्वासनाला चिकटून राहणें ही निष्ठा नसून निष्ठुरता ठरली असती. मद्यबंदीविषयींचा बदल हा जनमताच्या मागून चालणाऱ्याचा होता. ५ डिसेंबर १९३३ रोजीं ती घटनेंतून गेली, तेव्हां लोक रूझवेल्ट यांच्या पुढें होते. परंतु राष्ट्रसंघाविषयींचा बदल यांपैकीं कोणत्याच सदरांत बसत नाहीं. तो एका धनिकाच्या अटीवर केलेला सौदा होता, आणि त्याची किंमत एकट्या उमेदवारानें मोजली नाहीं.

ती किंमत अशी. जानेवारी १९३५ मध्यें अमेरिकेनें आंतरराष्ट्रीय न्यायालयांत सामील व्हावें, हा अध्यक्ष रूझवेल्ट यांचाच ठराव सेनेटपुढें आला. हर्स्ट यांच्या वृत्तपत्रांनीं त्याविरुद्ध रान उठविलें. ५२ विरुद्ध ३६ मतें पडलीं. बहुमत असूनहि दोनतृतीयांशांस सात मतें कमी पडलीं. ज्या भावनेला १९३२ सालीं खतपाणी घातलें, तीच भावना तीन वर्षांनीं दाराआड उभी राहिली. ऑक्टोबर १९३७ मध्यें शिकागो येथें आक्रमक राष्ट्रांना रोगी माणसाप्रमाणें अलग ठेवण्याची कल्पना त्यांनीं मांडली, तेव्हांहि मागें वळून पाहतां पाठीशीं फारसें कोणी नव्हतें. युरोपांत व आशियांत जें होऊं घातलें होतें, तें एका भाषणानें टळलें असतें असें कोणी म्हणणार नाहीं. पण लोकांची समजूत घालण्याचीं मोलाचीं वर्षें वाया गेलीं, एवढें तरी म्हणावें लागतें.

आणि तरीहि गोष्ट तेथें संपत नाहीं. १ जानेवारी १९४२ रोजीं संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यावर रूझवेल्ट यांनीं पहिल्या सह्यांत सही केली. सह्या करणाऱ्या २६ राष्ट्रांत त्या वेळीं परतंत्र असलेल्या हिंदुस्थानचेंहि नांव होतें. १२ एप्रिल १९४५ रोजीं रूझवेल्ट वारले; त्यानंतर तेराच दिवसांनीं सॅन फ्रॅन्सिस्को येथें नव्या जागतिक संघटनेची घटना ठरविणारी परिषद भरली. त्या घटनेस २८ जुलै रोजीं अमेरिकन सेनेटनें ८९ विरुद्ध २ मतांनीं मान्यता दिली. विल्सन यांना जें साधलें नाहीं, तें विल्सन यांना एकदां नाकारणाऱ्या त्यांच्या शिष्यानें साधून दाखविलें. ऑल्बनीच्या भाषणानें दुखावलेल्यांना हें उत्तर पुरेसें वाटावें कीं नाहीं, हें ज्याचें त्यानें ठरवावें. कारण तें भाषण केलें नसतें तर उमेदवारीच मिळाली नसती असें म्हणतां येतें, व तें केल्यामुळेंच पुढली वाट इतकी खडतर झाली असेंहि म्हणतां येतें. दोन्ही विधानें एकाच वेळीं खरीं असूं शकतात.

मतदाराच्या उपयोगाची गोष्ट मात्र यांतून स्पष्टपणें निघते. उमेदवाराचें मत बदललें, एवढ्यावरून त्याला दोषी धरूं नये; तसेंच, 'परिस्थिति बदलली' एवढ्या उत्तरावर त्याला सोडूंहि नये. बदल अनुभवानें झाला कीं अटीनें, त्याचा लाभ कोणास व भुर्दंड कोणास, आणि बदलणाऱ्यानें तो बदल लोकांसमोर कबूल केला कीं नाहीं, हे तीन प्रश्न विचारावेत. रूझवेल्ट यांच्यासारखा समर्थ पुरुषहि या तीनहि प्रश्नांना प्रत्येक वेळीं सरळ उत्तर देऊं शकला नाहीं. आणि जे त्याच्याइतके समर्थ नसतात, त्यांना तर हे प्रश्न अधिकच आग्रहानें विचारले पाहिजेत.